तोंडचा घास

३ ऑक्टोबर, सोमवार

आलो एकदाचे! मावशी, मी, चार पेट्या, एक शिवणयंत्र आणि मावशीची छत्री. ही छत्री गेली सहा वर्षं उघडत नाही, पण टाकूनही देता येत नाही. टेम्पोवाला सामान वर चढवत होता, तोवर मावशीने दोन्ही खोल्यांच्या खिडक्या उघडून निकाल देऊन टाकला. स्वयंपाकघरातली चांगली, झोपायच्या खोलीतली उगाच. स्वयंपाकघरातून समोरची लाकडाची वखार दिसते. ताज्या भुशाचा वास येतो. मला आवडला.

खाली पूर्वी बर्फाचा कारखाना होता. आता तिथे लांबलचक हॉल आणि दोन रांगांत बावीस टाक्या. आमच्या पायांखाली सगळे मासेच मासे! मावशी म्हणाली, म्हणजे हे घर नाही, होडीच झाली.

मालकीणबाईंना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. माशांच्या पैदाशीचा हा व्याप त्यांच्या यजमानांचा, ते दोन वर्षांपूर्वी गेले. बाईंनी मला हॉल दाखवला तो दारात उभ्या राहूनच. ओल्या फरशीची भीती वाटते, म्हणाल्या. माझं काम एकच, शेवटच्या टाकीतल्या अकरा माशांना तयार खाद्य खायला शिकवायचं. १४ नोव्हेंबरला एका मोठ्या मत्स्यालयाची गाडी त्यांना न्यायला येणार आहे, आणि मासे गोळ्या खात असतील तरच नेणार आहेत.

सहा आठवडे. माझ्यासारखीला खूप झाले. आठ वर्षं मी हेच करते आहे. हट्टी मासा दिला की खाता करून परत देते.

५ ऑक्टोबर, बुधवार

त्यांच्याशी नीट ओळख झाली. वीतभर लांब, राखाडी, अंगावर एकही ठिपका नाही. फक्त तोंड तेवढं फिकट गुलाबी, माणसाच्या ओठाच्या आतल्या बाजूसारखं. ही त्यांची इथे जन्मलेली तिसरी पिढी. नदी त्यांच्या आज्यांनीही पाहिलेली नाही. तरी खातात ते जिवंतच, अळ्या नाहीतर लहान मासे.

लोकांना वाटतं, टाकीत जन्मला म्हणजे मासा आपोआप गोळ्या खाणार. तसं नसतं. जे पळतं ते अन्न, एवढंच त्याला ठाऊक. न हलणारी गोळी त्याच्या लेखी खडा. म्हणून आपण त्याला पायरीपायरीने उतरवायचं. आधी जिवंत अळी. मग मेलेली, पण चिमट्यात धरून हलवलेली. मग तिच्यावर खाद्याचा लगदा चोळायचा, मग नुसता लगदा, मग गोळी. मधूनमधून उपाशी ठेवायचं. भूक हाच खरा मास्तर.

आज लगदा केला. कोळंबी, पालक, थोडी लसूण, जिलेटिन. मावशीने वरून विचारलं, पाहुणे येणार आहेत का? इतका छान वास येतो आहे!

९ ऑक्टोबर, रविवार

चार दिवसांत एकानेही गोळी गिळली नाही. तोंडात घेतात, क्षणभर धरतात आणि थुंकतात. ते तर सगळेच मासे करतात. पण हे थुंकून दिलेलं सगळं एकाच कोपऱ्यात नेऊन टाकतात. काचेजवळ, माझ्या स्टुलासमोर, गोळ्यांचा व्यवस्थित ढीग. ताटातलं नको असलेलं पोरं कडेला सारून ठेवतात तसा. मला हसू आलं. म्हटलं, चला, निदान शिस्तीचे तरी आहेत.

१२ ऑक्टोबर, बुधवार

तीन दिवसांचा उपास. बाकी कुठलाही मासा एव्हाना पाण्यावर बोट दिसलं तरी झेपावला असता. हे शांत.

एक गंमत दिसली. दुपारचा डबा मी हॉलमध्येच खाते. आज ब्रेड आणि उकडलेलं अंडं होतं. पहिला घास घेतला तसे अकराही जण काचेशी येऊन ओळीने उभे राहिले. माझ्या हाताकडे बघत नव्हते, तोंडाकडे बघत होते. मी चावले की त्यांची तोंडं हलायची. मी गिळलं की सगळे एकदम मागे सरकायचे, जणू कोणी त्यांच्या तोंडचं ओढून घेतलं.

तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा तसंच.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

जिंकलो! आणि जिंकलं कोणी, तर मावशीने.

ती कधी नव्हे ते खाली आली होती. हल्ली तिला ताजं काही आठवत नाही. गॅस बंद केला का, आज वार कोणता, असं. पण जुनं सगळं लख्ख आठवतं. मी तिला सांगत होते की हे कसे खात नाहीत आणि दिवस कसे चाललेत. तिने ऐकून घेतलं, वाटीतल्या चार गोळ्या उचलल्या आणि तोंडात टाकल्या! मी ओरडले. ती मात्र शांतपणे चावत राहिली. मग बोटांवर काढून ते चावलेलं पाण्यात सोडलं.

अकराही जण तुटून पडले. खाल्लं. गिळलं. एकही कण वर आला नाही.

मावशी म्हणाली, यांना दात आहेत पण आई नाही, एवढंच दुखणं. मला गोवर आला होता तेव्हा तिने मला असंच भरवलं होतं म्हणे. आई गेल्यावर महिन्याभरातली गोष्ट. मला आठवत नाही, पण ती सांगते म्हणजे खरंच असणार.

लाळेमुळे गोळी मऊ होते, वासही बदलतो, तेव्हा यात अद्भुत काही नाही. आता आठवडाभर चावलेली गोळी, मग अर्धवट चावलेली, मग कोरडी. पायरीपायरीने.

१७ ऑक्टोबर, सोमवार

मीही चावून दिलं. माझंही खातात, पण मावशीचं आधी. ती आता सकाळ-दुपार खाली येते. तिला काम मिळालं म्हणून मला बरंच वाटतं. टाकीशी बसून लहान मुलाशी बोलावं तसं बोलते. हा घास चिऊचा, हा काऊचा. तिला एकोणतीस दात आहेत आणि त्याचा तिला फार अभिमान. म्हणते, दात राखून ठेवले ते कारणी लागले.

बाईंना दारात गाठून ही बातमी दिली. वाटलं, खूश होतील. त्यांनी विचारलं, खाद्य कशात कालवता? मी सांगितलं, चावून देतो. त्यांनी दाराची चौकट धरली. म्हणाल्या, कोरड्या गोळीवर लवकर आणा. आणि गेल्या.

२० ऑक्टोबर, गुरुवार

कोरडी गोळी पुन्हा कोपऱ्यात. अर्धवट चावलेलीही कोपऱ्यात. ढीग वाढतो आहे.

मावशीचा ब्लाऊज खांद्यावरून घसरतो. वय झालं, म्हणाली. पण दोन आठवड्यांपूर्वी हाच ब्लाऊज तिला काखेत काचत होता.

२२ ऑक्टोबर, शनिवार

आज जे पाहिलं ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या मला खोटं वाटणार नाही.

दुपारी आम्ही दोघी समोरासमोर जेवायला बसलो. सूप, बटाटा, केळं. मावशीने सगळं व्यवस्थित तोंडात घातलं. ताट रिकामं झालं. मी काहीतरी विचारलं तर तिने उत्तर दिलं नाही, नुसती मान हलवली. मग उठली आणि जिन्याकडे निघाली. तिचे दोन्ही गाल फुगलेले होते. हनुवटीवरून सूप ओघळत होतं.

मी हात धरला. मावशी, गीळ. तिने मान हलवली. गीळ म्हणते ना! तिने माझा हात सोडवला. तिच्यात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. खाली गेली, टाकीवर वाकली, आणि सगळंच्या सगळं –

मासे ओळीने उभेच होते.

मी रडले. ती मात्र माझीच समजूत काढू लागली. तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिते. "अगं, त्यांनी अजून खाल्लं नाही. मी कशी गिळू?"

किती दिवस चाललंय हे? किती जेवणं?

२४ ऑक्टोबर, सोमवार

हॉलला कुलूप लावलं. किल्ली माझ्या गळ्यात. मावशीला चमच्याने भरवते. घास तोंडात राहतो. नाक धरलं, गळा चोळला, ओरडले, हातापाया पडले. गिळत नाही. तास तासभर तसाच गालात. शेवटी मीच बोटाने काढते, नाहीतर झोपेत घशात जायचा.

पाणी तेवढं पिते. तेही पाहुण्यांसमोर प्यावं तसं, लाजत लाजत.

जिन्याच्या वरच्या पायरीवर बसते आणि हॉलकडे खाली बघून पुटपुटते. आलेच हं. आलेच.

२६ ऑक्टोबर, बुधवार

दोन दिवस टाकीत काही टाकलेलं नाही. सकाळी गोळ्या घेऊन मी एकटीच आत गेले. आज भुकेने घेतील, असा हिशेब. चिमटा पाण्यात धरला. कोणी हललं नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. माझी हिरडी कालपासून सुजली आहे, चावून चावून. थुंकी आली म्हणून पुसली तर बोटावर रक्ताची रेघ. ते बोट पाण्यापासून चांगलं हातभर लांब होतं.

अकराही जण काचेवर आदळले. टाकी हलली.

मी चिमटा तिथेच टाकून बाहेर आले.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

आज दुपारी साडेबाराला ब्रेड खाल्ला. भांडी घासली. केर काढला. खिडकीत उभी राहून वखारीतल्या माणसाला फळ्या रचताना पाहिलं. बाईंचा फोन आला म्हणून बोलायला तोंड उघडलं आणि बोलता येईना.

ब्रेड गालात होता. पावणेदोन वाजले होते.

थुंकला. मग आरशासमोर उभी राहून एक तुकडा मुद्दाम गिळला. गळा हलताना दिसला. गिळता येतंय. आठवण ठेवली की येतंय.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार

बाईंकडे गेले आणि समोर बसून विचारलं. त्यांनी टाळलं नाही. इतके दिवस कोणीतरी विचारायची वाटच बघत होत्या असं वाटलं.

पहिली पिल्लं जन्मली तेव्हा ती काही म्हणता काही खाईनात. रोज दहावीस मरायची. यजमानांना ते बघवेना. त्यांनी स्वतः चावून भरवलं आणि पिल्लं जगली. त्या पिल्लांची पिल्लंही तेच मागू लागली. हळूहळू यजमान जेवायला बसायचे, पण उठायचे ते गाल फुगवून. शेवटी हाडांचा सापळा झाले. डॉक्टरांनी घशाचं दुखणं म्हणून लिहिलं. गेले तेव्हा तोंडात घास होता. बाईंनीच काढला.

बाई आता आरशासमोर बसून जेवतात. दोन वर्षं. गिळलं की नाही ते बघायला. हॉलमध्ये पाऊल टाकत नाहीत ते ओल्या फरशीमुळे नाही. माशांना न चावलेलं खाद्य खायला शिकवणारी कोणी मिळाली असती तर ते दूर गेले असते, आणि मारायचे नाहीत असं यजमानांना दिलेलं वचनही पाळलं गेलं असतं. म्हणून मी. माझ्याआधी कामाला एक बाई होती, ती रोज लांब दांड्याच्या डब्याने जिवंत अळ्या ओतून पळून जायची, बस.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत?

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

मी म्हटलं, मत्स्यालयात मुलं येतात. शाळेच्या शाळा येतात. काचेला नाक लावून उभी राहतात. हातात खाऊ असतो.

बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तिथे काच जाड असते."

३० ऑक्टोबर, रविवार

मावशी सकाळी स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून उठताना कोसळली. हॉस्पिटल. नळी घातली नाकातून. डॉक्टरीणबाईंनी घसा तपासला, सगळं निर्मळ आहे म्हणाल्या. गिळायला काही अडचण नाही, पेशंट गिळत का नाही कळत नाही.

तिचं वजन एखाद्या शाळकरी मुलीएवढं.

मामा आले. मावशीचा धाकटा भाऊ. माझ्यावर भडकले, आणि भडकणारच. घरात एकटी म्हातारी तुला जड झाली का, म्हणाले. काय सांगू? घेऊन जातो म्हणाले तिला, त्यांच्या गावच्या हॉस्पिटलात. म्हटलं, न्या. आजच न्या. लांब न्या.

तिची पेटी घ्यायला मामांची गाडी घरापाशी थांबली, तेव्हा तिने माझ्या हाताचा पंजा ओढून तोंडाशी नेला. मला वाटलं, मुका घेते आहे. माझ्या तळहातावर तिने काहीतरी ठेवलं. सकाळचा सफरचंदाचा तुकडा, मऊ झालेला. डोळ्यांनी हॉलच्या दाराकडे दाखवलं.

मी मूठ मिटली.

१ नोव्हेंबर, मंगळवार

मामांचा फोन. मावशीने आज दोन चमचे सूप आपणहून गिळलं! लांब गेल्यावर सुटतं तर. पण मामा हसत म्हणाले, एकच विचारते सारखी, मुलं जेवली का? कोणती मुलं गं?

मी फोन ठेवला.

आजचे घास – सकाळी पाच गिळले. दुपारी तीन. मोजून.

२ नोव्हेंबर, बुधवार

निघाले होते. पेटी भरली, बसस्टँडपर्यंत गेले, तिकीट काढलं. बसमध्ये बसण्याआधी केळं खाल्लं. बस सुटायची वाट बघत होते, तोच लक्षात आलं की मी बसमध्ये नाही. हॉलच्या दाराशी आहे, किल्ली कुलपात आहे, आणि तोंड भरलेलं आहे.

अडीच किलोमीटर चालत आले असणार. आठवत नाही.

केळं गटारात थुंकलं. आतून पाणी उसळल्याचा आवाज आला.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

काल आणि आज एकही घास नाही. पाणी.

मी जाऊ शकत नाही, हे मान्य. पण १४ तारखेला गाडी येणार. बाईंनी त्यांना कळवून टाकलं आहे, मासे शिकले म्हणून. खोटं. मी ओरडले त्यांच्यावर. त्या म्हणाल्या, तूही सुटशील, मीही सुटेन.

आणि ती मुलं? एकेक मूल घरी जाईल, जेवायला बसेल. आई भरवेल. ते गिळणार नाही. आईला वाटेल, लाडाला आलंय.

नाही. नाही. नाही.

५ नोव्हेंबर, शनिवार

लवंगेचं तेल. औषधांच्या दुकानातून सहा बाटल्या आणल्या. याने मासा गुंगतो, जास्त घातलं की झोपेतच जातो. यातना नाहीत. आठ वर्षांत मी एकही निरोगी मासा मारलेला नाही.

एकदा हॉलमध्ये गेले. तिसऱ्या टाकीपर्यंत. परत आले.

त्यांनी मान वळवून बघितलं. माशांना मान नसते. तरी.

७ नोव्हेंबर, सोमवार

दहाव्या टाकीपर्यंत. तोंडात काही नाही याची खात्री करून गेले होते, आरशात बघून, बोट फिरवून. दहाव्या टाकीपाशी तोंडात काहीतरी होतं. मऊ. कुठून आलं? मी खाल्लं कधी?

गालाची आतली बाजू होती. मी चावत होते.

८ नोव्हेंबर

रक्त थांबत नाही. तोंडात कापूस कोंबला आहे. कापूस असला की दुसरं काही मावणार नाही – हे चांगलं सुचलं –

मामांचा फोन. घेतला नाही. बोलणार कशी.

मावशी जगेल. तेवढं एक झालं.

९ नोव्हेंबर

बाईंना खूण केली, तुम्ही ओता, दारातून ओता, पाईप लावून. त्या मागे मागे गेल्या. त्यांचा हात गळ्यावर होता. त्या गिळत होत्या. पुन्हा पुन्हा, काही नसताना.

कोणी नाही. मीच.

१० नोव्हेंबर, सकाळी

पोचले. बाविसावी टाकी. वही बरोबर आणली आहे, लिहीत राहिलं की मी मी राहते. बाटल्या स्टुलावर. सहाही उघड्या. लवंगेचा वास. हात स्थिर आहे.

ते ओळीने उभे आहेत. किती वाळलेत. डोकी मोठी आणि अंग नुसतं सालपट. दोन आठवडे कोणी –

नाही. बाटली. बाटली उचल.

पहिली ओतली. पाणी थोडं पांढुरकं झालं. एकही पळाला नाही. कोपऱ्यातला तो ढीग अजून आहे. त्यांनी त्यालाही तोंड लावलं नाही. इतकी भूक असून.

एक लहान आहे त्यात. बाकीच्यांच्या मागे. त्याला पुढे यायला जमत नाही.

दुसरी बाटली हातात आहे. कापूस कुठे गेला? तोंड भरलंय. कशाने ते बघत नाही, बघायचं नाही. पाच बाटल्या राहिल्यात, पाच मिनिटांचं काम, मग सगळं संपेल, शाळेची मुलं, मावशी, सगळे सुखरूप. ओतणार आहे. नक्की ओतणार आहे. पण उपाशीपोटी कोणाला झोपवत नाहीत. आधी त्या लहान्याला एवढा एक घास देते आणि मग